दीड हजार अभियंते, एक शिक्षक आणि ९२ टक्के घनता

स्थापत्य पदविकेच्या ६० जागांच्या वर्गाला महामार्ग अभियांत्रिकी शिकवणारा एक शिक्षक २५ वर्षांच्या नोकरीत १,५०० विद्यार्थ्यांना डांबरी रस्ता शिकवतो. त्यांतला दहापैकी एक जरी रस्त्याच्या कामावर गेला, तरी ते १५० जण होतात: कुणी कनिष्ठ अभियंता, कुणी साइट सुपरवायझर, कुणी गुत्तेदार. डंपरमधून उतरणारा माल परत पाठवायचा की पसरू द्यायचा, रोलर कधी थांबवायचा, कोअर कुठून काढायचा, हे यापुढे ते ठरवतात. म्हणून शिक्षकाने स्वतः गरम मिश्रणात थर्मामीटर कधी खुपसला आहे का, हा प्रश्न १५० साइटींचा ठरतो.

रस्ता उखडल्याची किंमत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात मोजलेली आहे. खड्ड्यांमुळे २०२१ मध्ये देशात १,४८१ माणसे मेली. २०२२ मध्ये हा आकडा १,८५६ झाला, म्हणजे वर्षभरात २५ टक्के वाढ. २०२३ मध्ये तो २,१६१ वर गेला, म्हणजे आणखी १६ टक्के. २०२२ च्या एकूण १,६८,४९१ रस्ते-मृत्यूंत खड्ड्यांचा वाटा १.१ टक्का येतो. टक्केवारी लहान आहे, पण ज्या मृत्यूचे कारण पूर्णपणे बांधकाम आणि देखभालीच्या हातात आहे, असा हा वाटा आहे. रस्तेही याच काळात वाढत आहेत. मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांची लांबी ९१,२८७ किलोमीटर होती, ती दहा वर्षांत १.४६ लाख किलोमीटरवर गेली, म्हणजे ६० टक्के अधिक.

खड्डा पडण्याची कारणे अनेक. त्यांपैकी एक असे आहे, की ते वर्गात नीट शिकवता येते आणि साइटवर मोजता येते: घनता. मंत्रालयाच्या विनिर्देशांच्या पाचव्या आवृत्तीनुसार रोलिंग संपल्यावर डांबरी थराची घनता त्या दिवशीच्या सैल मिश्रणाच्या सैद्धांतिक कमाल घनतेच्या किमान ९२ टक्के हवी. याचा अर्थ थरात हवेच्या पोकळ्या ८ टक्क्यांहून अधिक नकोत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलेला आणि आजही वापरला जाणारा ठोकताळा असा, की पोकळ्या ७ टक्क्यांच्या वर गेल्या की प्रत्येक जादा टक्क्यामागे रस्त्याचे आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी घटते. घनता ९२ ऐवजी ९० टक्के आली, तर पोकळ्या १० टक्के होतात. ७ च्या वर ३ टक्के, म्हणून आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी कमी. दहा वर्षांचा थर सात वर्षांचा होतो. त्यात डांबर तेवढेच, खडी तेवढीच, बिलही तेवढेच. फरक रोलरच्या काही फेऱ्यांचा आणि त्या वेळच्या तापमानाचा.

तापमानाचे आकडेही ठरलेले आहेत. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण प्लांटमधून १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघावे, पसरताना ते १४० च्या खाली नसावे आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग उरकलेले असावे. कामाला मिळतात ५० अंश. ३० मिमीचा थर ५० मिमीच्या थरापेक्षा कितीतरी लवकर निवतो, त्यामुळे पातळ थरावर हे ५० अंश काही मिनिटांत संपतात. परीक्षेत तक्ता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला १४० आणि ९० आठवतात. त्या दोन आकड्यांमध्ये किती मिनिटे होती, हे पेव्हरमागे उभ्या राहिलेल्या माणसालाच सांगता येते.

९२ या आकड्यात एक खाच आहे. २००१ च्या चौथ्या आवृत्तीत घनतेची अट प्रयोगशाळेत हातोड्याने ठोकून केलेल्या मार्शल नमुन्याच्या ९८ टक्के अशी होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती ९२ टक्के झाली, पण छेदही बदलला. मार्शल नमुन्यात ४ टक्के पोकळ्या धरल्या, तर तो नमुना स्वतःच कमाल घनतेच्या ९६ टक्के असतो. त्याचे ९८ टक्के म्हणजे ९४.१. जुनी अट नव्या मापात ९४.१ होती आणि नवी ९२ आहे. कागदावर सहा टक्क्यांचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो दोन टक्क्यांचा आहे. छेद न बदलता नुसता नवा आकडा फळ्यावर लिहिला आणि मुलाने साइटवर ९२ टक्के मार्शल घनता पुरेशी मानली, तर ती कमाल घनतेच्या ८८.३ टक्के भरते. पोकळ्या ११.७ टक्के. वरच्या ठोकताळ्याने आयुष्य जवळपास निम्मे.

नवी अट मोजायला सैल मिश्रणाची कमाल घनता काढणारी राइस चाचणी लागते. तिला निर्वात पंप आणि फ्लास्क लागतो. ज्या प्रयोगशाळेत मार्शलचा हातोडा आहे आणि निर्वात पंप नाही, तिथे २००१ ची चाचणी होऊ शकते, २०१३ ची नाही.

बदल एवढाच नव्हे. २००० साली नोकरीला लागलेल्या आणि २०२५ मध्ये २५ वर्षे पूर्ण करणाऱ्या शिक्षकाच्या सेवाकाळात आयआरसी-३७, म्हणजे डांबरी रस्त्याच्या जाडीची संहिता, तीनदा बदलली: २००१, २०१२, २०१८. डांबराचे मानक आयएस-७३ दोनदा: २००६ आणि २०१३. विनिर्देशांच्या आवृत्त्या दोन: २००१ आणि २०१३. एकूण सात बदल, सरासरी साडेतीन वर्षांनी एक. यांतला २००६ चा बदल पायाचा होता. तोवर डांबराची प्रत सुई किती आत जाते यावर ठरत असे, म्हणून ६०/७० आणि ८०/१००. २००६ पासून ती ६० अंशांवरच्या चिकटपणावर ठरते, म्हणून व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४०. त्याआधी पदवी घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाने आज तो डांबराच्या प्रतींबद्दल जे शिकवतो ते विद्यार्थी म्हणून कधी शिकलेले नाही.

आता हे आकडे नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत आणू. बिलोलीचे अक्षांश सुमारे १८.८. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४३ अंश धरले, तर अमेरिकेच्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून आलेल्या सूत्राने डांबरी थरात २० मिमी खोलीवर ६५.६ अंश निघतात. मार्शल चाचणी ६० अंशांच्या पाण्यात होते. म्हणजे प्रयोगशाळेत नमुना जितका तापतो, त्याहून साडेपाच अंश अधिक तो रस्त्यावर तापतो. व्हीजी-३० चा मृदुता बिंदू किमान ४७ अंश आणि व्हीजी-४० चा किमान ५० अंश. या दोन आकड्यांसमोर ६५.६ ठेवला, की चाकोऱ्या का पडतात आणि जड वाहतुकीच्या रस्त्यावर कडक प्रतीचे डांबर का मागितले जाते, हे एका तासात समजावता येते. हे गणित मुलांकडून करून घ्यायला कॅल्क्युलेटर पुरतो.

दुसरी गोष्ट दगडाची. नांदेड जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आहे, पण बिलोली-देगलूरच्या पट्ट्यात बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट वर येतो. बेसाल्टला डांबर धरून राहते. सिलिका अधिक असलेल्या ग्रॅनाइटवरून ते पाण्याने सुटण्याचा धोका जास्त. म्हणून खडीवर डांबराचे आवरण किमान ९५ टक्के टिकले पाहिजे ही अट आणि पाण्यात ठेवल्यावर मिश्रणाची ताणशक्ती किमान ८० टक्के उरली पाहिजे ही दुसरी अट, या दोन्ही चाचण्या लातुरात जितक्या महत्त्वाच्या, त्याहून बिलोलीत अधिक महत्त्वाच्या आहेत. मिश्रण नापास झाले, तर २ टक्के विरवलेला चुना किंवा आवरण टिकवणारे रसायन घालायचे, हा उपायही संहितेतच आहे. पुस्तक दिल्लीचे असो की पुण्याचे, त्यात बिलोलीची खाण नसते. ती वर्गात आणणे शिक्षकाचे काम, आणि त्यासाठी दोन खाणींची दोन पोती खडी पुरते.

तिसरी गोष्ट भाराची. मांजरेच्या पात्रातली लाल रेती बिलोलीतून दूरवर जाते आणि ती ट्रकने जाते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ १२.७ टक्के. रस्त्याचे नुकसान मात्र भाराच्या चौथ्या घाताने वाढते. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या प्रयोगांतून हा नियम आला. त्या हिशेबाने ८.१६ टनांच्या प्रमाण आसाच्या तुलनेत १०.२ टनांचा आस २.४४ पट नुकसान करतो आणि ११.५ टनांचा ३.९४ पट. एका कायदेशीर आसामागे नुकसान ६२ टक्क्यांनी वाढले. मर्यादेवर आणखी २० टक्के जादा रेती भरली, तर ते पुन्हा दुप्पट होते. खाली काळी माती असेल, तर तिचा सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारा आकडा, बहुधा २ ते ३ टक्के असतो, आणि दिवसाला ४५० हून अधिक व्यापारी वाहनांच्या रस्त्यासाठी आयआरसी-३७ किमान ५ टक्के मागते.

यापुढे या विषयातली सर्वांत मोठी विसंगती येते. अभ्यासक्रमात डांबरी मिश्रणाचे संकल्पन म्हणजे मार्शल पद्धत. गावाच्या रस्त्यावर मात्र मार्शल येतच नाही. तिथे बहुतेक वेळा २० मिमीचे कार्पेट आणि वर सीलकोट असतो, आणि त्याचे प्रमाण पाककृतीसारखे ठरलेले आहे: १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर खडी, १४.६ किलो डांबर आणि सीलकोटला आणखी ६.८ किलो. ३.७५ मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला एकूण सुमारे ८ टन डांबर लागते. त्याच रस्त्यावर ३० मिमीचे घन डांबरी काँक्रीट टाकले, तर ५.४ टक्क्यांच्या हिशेबाने १४.६ टन. दीडपट जाडी, १.८ पट डांबर. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या राष्ट्रीय डांबर तंत्रज्ञान केंद्रात सहयोगी संचालक राहिलेले पृथ्वी सिंह कांधल यांनी हे सच्छिद्र कार्पेट पाणी धरून ठेवते म्हणून बंद करावे, अशी मांडणी भारतात वर्षानुवर्षे केली आहे. कार्पेट वापरात आहे तोवर ८ टनांचा हिशेब कनिष्ठ अभियंत्याला यायला हवा. मिश्रणाच्या नमुन्यातले डांबर वेगळे करून त्याचे प्रमाण मोजणे ही त्याची चाचणी.

मार्शल सोडून द्यावी असे नाही. राज्य मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग तिच्यावरच उभे आहेत. पण तिचे गणित आणि प्रात्यक्षिकाचा तास जुळत नाहीत. एका संपूर्ण संकल्पनाला डांबराची पाच प्रमाणे आणि प्रत्येकी तीन नमुने, असे १५ नमुने लागतात. प्रत्येक नमुन्याला दोन्ही बाजूंनी ७५, म्हणजे १५० ठोके. एकूण २,२५० ठोके, ४.५४ किलोचा हातोडा ४५७ मिमीवरून सोडून. सेकंदाला एक ठोका धरला, तरी नुसत्या ठोक्यांना ३७ मिनिटे. त्याआधी खडी तापवणे, मिसळणे. त्यानंतर नमुने रात्रभर निवणे, तोलणे, ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवणे, मोडणे. आठवड्याला दोन तास आणि १५ आठवडे धरले, तर सत्राला ३० तास प्रात्यक्षिक मिळते. त्यातच खडीच्या आघात, अपघर्षण आणि चपटेपणाच्या चाचण्या, डांबराच्या सुई, मृदुता आणि ताणाच्या चाचण्या बसवायच्या. २० जणांच्या तुकडीने एक-दोन नमुने ठोकायचे आणि उरलेले आकडे वहीत उतरवायचे, हा मार्ग या वेळापत्रकातच दडलेला आहे. खरे तर २,२५० ठोके २० जणांत वाटले, तर माणशी ११३ येतात. काम अशक्य नाही. सलग दोन दिवस मिळाले की होते.

वेळापत्रकात दुसरीही अडचण आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ च्या आय योजनेत महामार्ग अभियांत्रिकी तिसऱ्या सत्रात होते, आणि तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपते. मराठवाड्यात वर्षाचा चार-पंचमांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पावसात, ओल्या पृष्ठभागावर डांबर टाकायला विनिर्देशांत मनाई आहे. म्हणजे वर्गात डांबर शिकवले जाते तेव्हा साइट बंद, आणि मार्चअखेरीच्या घाईत साइट धडाक्याने चालते तेव्हा मुले पुढच्या सत्रात. साइट-भेट पुढच्या सत्रात घेता येते, पण ती कुणी घ्यायची? ज्याची प्लांटवाल्याशी ओळख आहे त्याने. ओळख होण्यासाठी शिक्षकाने आधी तिथे जायला हवे.

शिक्षकाला प्लांटवर नेण्याची गरज जगात पहिल्यांदा बिलोलीला लागलेली नाही. अमेरिकेत ९० टक्क्यांहून अधिक पक्के रस्ते डांबरी आहेत, तरी स्थापत्यच्या पदवीत काँक्रीट आणि पोलादाला मिळणारा वेळ डांबराला मिळत नव्हता. १९८६ मध्ये ऑबर्नला डांबर तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले ते डांबरी रस्ते बांधणाऱ्या उद्योगाच्या पैशातून, आणि या केंद्राने खास स्थापत्यच्या प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला. सोबत १९९१ मध्ये पाच लेखकांचे पाठ्यपुस्तक आले. कांधल त्यांपैकी एक. म्हणजे शिक्षक आणि त्याच्या हातातले पुस्तक यांची तयारी एकाच ठिकाणी झाली. २००० पासून केंद्राकडे २.७ किलोमीटरचा चाचणी-मार्ग आहे. त्याचे ४६ तुकडे आहेत, आणि त्यांवरून भरलेले ट्रक फिरवून दोन वर्षांत १ कोटी प्रमाण आसांचा भार दिला जातो. तिथे गेलेला प्राध्यापक चाकोरी कशी पडते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून परततो.

आपल्याकडे संस्था कमी नाहीत. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. त्यातून पेट्रोलवरच्या कराचा केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आली आणि १९५२ मध्ये दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. सेवेतल्या अभियंत्यांना शिकवायला नोएडाची महामार्ग अभियंता अकादमी आहे, राज्यात नाशिकची मेटा ही प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. तंत्रशिक्षकांसाठी भोपाळ, चंडीगड, चेन्नई आणि कोलकाता अशा चार राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहेत. पण या दोन रांगा समांतर जातात: एकीकडे रस्ता शिकवतात तो अभियंत्याला, दुसरीकडे शिकवणे शिकवतात ते शिक्षकाला. तंत्रशिक्षण परिषदेच्या नव्या शिक्षकांसाठीच्या उपक्रमात आठ घटक आहेत: अभ्यासक्रम, नीतिमूल्ये, संवाद, पाठनियोजन, तंत्रज्ञानाधारित अध्ययन, मूल्यमापन, सर्जनशीलता, प्रशासन. आठही गरजेचे आहेत. विषयाचे ज्ञान त्यांपैकी एकातही नाही, कारण ते शिक्षकाकडे आहेच असे गृहीत धरले आहे. डांबराबाबत हे गृहीतक वरच्या सात बदलांसमोर टिकत नाही. याच उपक्रमात उद्योगातल्या प्रशिक्षणाचा टप्पा आहे. नांदेड-लातूरच्या स्थापत्य शिक्षकाने तो हॉट मिक्स प्लांटवर काढावा, एवढा बदल विनाखर्च होऊ शकतो.

नांदेडला श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय तंत्रनिकेतन आहे, लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आणि बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय. दोन जिल्हे, २६ तालुके, २०११ च्या जनगणनेत ५८ लाख लोक. बिलोलीचा मुलगा स्थापत्य शिकायला बहुधा यांपैकीच कुठेतरी जातो. इथल्या २० शिक्षकांसाठी पाच दिवसांची, रोज सहा तासांची कार्यशाळा घेतली, तर ३० तास मिळतात. माझ्या मते त्यांची वाटणी अशी हवी: संहितांतले बदल ४ तास, प्रयोगशाळेत एक संपूर्ण मार्शल संकल्पन आणि राइस चाचणी १० तास, प्लांटवर ५ तास, पेव्हर आणि रोलरमागे ८ तास, आणि शेवटचे ३ तास स्वतःच्या वर्गासाठी प्रात्यक्षिकाची आखणी. ३० पैकी २३ तास, म्हणजे ७७ टक्के, व्याख्यानाच्या खोलीबाहेर. महिना फेब्रुवारी किंवा मार्च, जेव्हा प्लांट चालू असतात. उन्हाळी सुट्टीची वाट पाहिली, तर कामे उरकत आलेली असतात, आणि ऑनलाइन घेतली, तर २३ तास गळतात.

पहिल्या वर्षाअखेर तपासायचा आकडाही आधीच काढता येतो. २० शिक्षक, प्रत्येकी ६० विद्यार्थी, म्हणजे १,२०० विद्यार्थी. वीस-वीसच्या ६० तुकड्या. प्रत्येक तुकडीने एकच संकल्पन पूर्ण केले, तर ९०० नमुने आणि १,३५,००० ठोके. नमुन्याला १.२ किलोच्या हिशेबाने खडी लागते १,०८० किलो आणि डांबर सुमारे ६० किलो. या १,२०० मुलांना वर्षभर पुरेल एवढा हा माल बिलोलीच्या रस्त्यावर येणाऱ्या एका डंपरच्या दहाव्या हिश्श्याइतका भरतो.